मॅटाडोरचं मागचं दार

जेवणं झाली होती. अंगणात शेकोटी पेटवली होती. रुद्र माझा नातू, पुण्याला कॉम्प्युटरवर काम करतो. बायकोला, अंजलीला, घेऊन चार दिवसांसाठी जवळा बाजारला आला होता. दोघं माझ्यासमोर येऊन बसले. काहीतरी मागायचं असलं की रुद्र असाच समोर येऊन बसतो.

"आबा, उद्या सकाळी आमच्यासंगं चला. एक गाडी पाहायची हाय."

"कोन्ती?"

"जुनी मॅटाडोर. शहाऐंशी सालची. आतून घर केलेलं हाय. पलंग, ओटा, पाण्याची टाकी, समदं. अशी गाडी घेऊन लोकं महिना महिना फिरतेत. आमी दोघं घ्यायची म्हणून राहिलो."

त्यानं मोबाईल पुढं केला. माझा चष्मा घरात होता. मी मोबाईलकडे पाहिलं नाही. जुनी गाडी कशी पाहायची तेवढं सांगितलं. रंग पाहू नका. पायाखालचं मॅट उचला आणि पत्रा अंगठ्यानं दाबा. इंजिन थंड असताना सेल्फ मारायला सांगा. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर चहासुद्धा न पिता परत या. ब्रेकचं पेडल दाबून धरा आणि मनात शंभर मोजा. पाय खाली जात राहिला तर गाडी तुम्हाला कुठं ना कुठं खाली घालणार.

अंजलीनं खरंच कागदावर लिहून घेतलं. मला बरं वाटलं.

"मालक कोण हाय?" मी विचारलं.

"बाई हायेत, नांदेडच्या. कोमलताई. गाडी हितंच हाय, गावाबाहेर, त्यांच्या वडलांच्या खळ्यात. भादव्यात वारले म्हणे ते. मागच्या रविवारी ताईनं येऊन फोटो काढले. गाडी चांगली हाय, पण मागचं दार जाम झालंय म्हणल्या. उघडत न्हाई."

शेकोटीत घालायला उचललेलं लाकूड माझ्या हातातच राहिलं.

"त्या दाराला कडीच न्हाई," मी म्हणालो. "जाम कुठून होईल?"

"तुमाला माहीत हाय का गाडी?"

"तिचा एकेक बोल्ट मी आवळलाय. बसा दोघं. उद्या यायचं का न्हाई, ते मंग ठरवू."

मी त्यांना जे सांगितलं ते असं.

कोमलचा बाप माणिकराव एसटीत ड्रायव्हर होता. एकतीस वर्षं. त्याची ड्यूटी बहुतेक मुक्कामी गाडीवर असायची. संध्याकाळची शेवटची गाडी घेऊन एखाद्या खेड्यात जायचं, गाडीतच सीटवर झोपायचं, पहाटे तीच गाडी घेऊन निघायचं. नोकरीतल्या निम्म्याहून जास्त रात्री त्यानं सीटवर काढल्या. त्याची बायको शालूबाई. तितक्याच रात्री तिनं घरात एकटीनं काढल्या.

ती भांडायची नाही. एवढंच म्हणायची, "मला एकदा मुक्कामाला न्या. गाव कोन्तं का असंना. तुमी गाडीत झोपता तसं मला एक रात्र झोपायचंय."

एसटीत ते बसत नव्हतं. माणिकराव म्हणायचा, "रिटायर झालो की नेतो."

रिटायर झाला आणि त्यानं ही गाडी काढली. दोन हजार बावीसच्या पाडव्याला. परभणीला एका डॉक्टरच्या बंगल्यात लिंबाखाली बारा वर्षं उभी होती. डॉक्टरनं तरुणपणी हौसेनं आत घर करून घेतलं होतं. गाडी पाहायला मी गेलो होतो. चारी टायर बसलेले. वायर उंदरांनी खाल्लेल्या. एअर फिल्टरमध्ये खारीची पिल्लं. मी पत्रा दाबला, अंगठा आरपार गेला.

"घेऊ नको," मी म्हणालो.

"इंजिन फिरतंय का तेवढं बघ."

पुढच्या पुलीला पाना लावून पाहिलं. जड होतं, पण फिरलं.

"मंग झालं," माणिकराव म्हणाला.

ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. इंजिन बंद, मागून धुरळा, आणि हा खाकी शर्ट घालून स्टेअरिंगवर बसलेला. परभणीपासून जवळ्यापर्यंत. लोक हसत होते. त्यालाही माहीत होतं लोक हसून राहिले म्हणून. वेशीत त्यानं हॉर्न दाबून पाहिला. वाजला नाही.

गाडी माझ्या गॅरेजमध्ये लागली. मी इंजिन उतरवलं. नोझल, पंप, हेड गॅस्केट, क्लच प्लेट. खालचा सगळा पत्रा कापून नवा घातला. स्प्रिंगचे पाटे बदलले. सामान मिळत नव्हतं. नांदेड, जालना, अकोला, जिथं जुन्या गाड्या तोडतात तिथं मी स्वतः गेलो. एका ब्रेक सिलेंडरसाठी तीन चकरा झाल्या.

शालूबाई दिवसाआड यायची. दुपारी, घरचं आवरून. गाडी चाकं काढून लोखंडी घोड्यांवर उभी असली तरी स्टूल ठेवून आत चढायची आणि पलंगावर बसायची. तिथं बसून तिनं फुलाफुलांचे पडदे शिवले. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली, चांगली जाड, दोघांना पुरेल अशी. डबे लावले. ड्रायव्हरच्या पाठीमागं प्लायवूडची भिंत होती. तिच्यात तिनं माझ्याकडून एक सरकती काचेची खिडकी करून घेतली, शाळेच्या पाटीएवढी.

माणिकराव आला की स्टेअरिंगवर बसायचा. गाडीला चाकं नसायची. मागून शालूबाई ती खिडकी सरकवायची.

"ड्रायव्हरसाहेब, मुक्काम कुठं?"

"औंढा."

"एवढ्या जवळ? तिकिटाचे पैसे वापस द्या."

"मंग सोलापूर."

"लई लांब. लेकरं वाट पाहतेन."

लेकरं म्हणजे एक कोमल, तीही नांदेडला दिलेली. गॅरेजमधली गिऱ्हाईकं हसायची. मी हसायचो नाही, कामात असायचो. पण कान तिकडंच असायचा.

आता त्या दाराचं ऐका. मागच्या दाराची कडी मोडलेली होती. तसली कडी कुठं मिळाली नाही. मी लेथवर करून देतो म्हणालो. राहून गेलं. तोपर्यंत म्हणून शालूबाईनं एक दोरी विणली. साड्यांच्या काठांची, तीन पदरी. एक पदर हिरवा, एक लाल, एक हळदी. आत बसलं की दाराच्या कड्यातून ती दोरी ओवायची, सुरगाठ मारायची आणि दोरीचं टोक दाराच्या फटीतून बाहेर काढून ठेवायची.

"टोक बाहेर काहून?" मी एकदा विचारलं.

"मागून येणाऱ्यासाठी. बाहेरून एक झटका दिला की गाठ सुटती. आमच्या आईच्या घरी गोठ्याचं दार असंच बांधत. समदे आत आले की शेवटचा माणूस टोक आत घेतो. तवर बाहेर ठेवायचं."

हे ध्यानात ठेवा.

दसऱ्याला इंजिन सुरू झालं. सहा महिन्यांत. शालूबाईनं गाडीची पूजा केली, चाकाखाली लिंबं ठेवली, गाडी गॅरेजच्या दारापर्यंत पुढं आणि परत मागं. ती आत बसलेली. तेवढाच तिचा त्या गाडीतला प्रवास.

"पुंजाभाऊ, गाडी चालती ना?"

"चालती."

"मंग?"

"चालणं येगळं. रस्त्यावर काढणं येगळं. आठ दिवस द्या."

माझं नाव आहे या भागात. पुंजाजी मिस्त्रीच्या हातून निघालेली गाडी रस्त्यात उभी राहिली असं कोणी म्हणू नये. रेडिएटर जरा गरम व्हायचा, तो परत उतरवला. दाराचं रबर नीट बसलं नव्हतं. तिसऱ्या गिअरला आवाज होता. माणिकराव म्हणायचा, चालतं रे, एवढं काय. मी म्हणायचो, तू फक्त चालव, बनवणं मला कळतं. आठ दिवस, आठ दिवस करत दिवाळी गेली, संक्रांत गेली, दुसरा पाडवा गेला.

एकदा ती म्हणाली, "तुमचे आठ दिस लई लांबडे हायेत बगा, भाऊ." रागानं नाही. तिला रागावता येत नव्हतं.

जुलैमध्ये तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी रात्री हिंगोलीला नेलं. पहाटे गेली.

त्या पहाटे गाडी माझ्याकडं घोड्यांवर होती. चारी चाकं काढलेली. ब्रेकची रबरं मी दुसऱ्यांदा बदलत होतो. पेडल मला जरा मऊ वाटलं होतं. दुसऱ्या कोणाला वाटलं नसतं.

चौदावा झाल्यावर माणिकराव गॅरेजवर आला. "झाली का?" म्हणाला. मी म्हणालो, "झाली." चावी दिली. त्यानं शिवी दिली असती तर मी घेतली असती. तो खाली मान घालून गाडी घेऊन गेला. एका झटक्यात सुरू झाली. आवाज एकदम स्वच्छ होता.

खळ्यात नेऊन लावली आणि परत आत पाय ठेवला नाही.

पुढं गाडी घ्यायला नर्सीचा एक तातेराव तयार झाला. नामदेवाच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांसाठी त्याला रस्त्याच्या कडेला चहा-नाश्त्याची गाडी टाकायची होती. म्हणाला, एका बाजूचा पत्रा कापतो, पलंग काढून भट्टी बसवतो. माणिकराव हो म्हणाला. तो मला म्हणाला, "उभी दिसती तवर छातीवर बसल्यावानी व्हतंय."

न्यायचं ठरलं ते शनिवारी, सहा जानेवारी, दोन हजार चोवीस. रविवारी सकाळी गाडी नर्सीत पाहिजे होती. माणिकराव म्हणाला, रातच्याला नेतो. दिवसा कोणी विचारलं कुठं चालली, तर काय सांगू.

मी येतो म्हणालो होतो. जुनी गाडी, मिस्त्री संगं असावा. संध्याकाळी निरोप पाठवला की गुडघा दुखतो. गुडघा दुखत नव्हता.

पण त्याआधी दुपारी मी त्याच्या खळ्यात गेलो होतो. तिथं मी एक गोष्ट केली. आपल्याकडं बैल विकतात तेव्हा बैल देतात, दावं देत नाहीत. दावं घरीच ठेवतात, गोठ्यातल्या खिळ्याला. दाव्यासंगं घरची बरकत जाते म्हणतात. मी म्हणालो, "माणिकराव, तिची दोरी काढून घे. विकणाऱ्यानं दावं ठेवायचं असतं." त्यानं दोरी सोडली. घरच्या गोठ्यात नेऊन खिळ्याला अडकवली. माझ्यासमोर. गोठ्याला कुलूप लावलं, चावी खिशात घातली. गाडीचं मागचं दार मी तारेनं बांधून दिलं. चांगली जाड तार, पकडीनं पीळ देऊन.

साडेनऊला तो निघाला. थंडी होती. चंद्र उशिरा उगवणार होता. पुढचं त्यानं मला सांगितलं. एकदाच सांगितलं. त्यात मी एक शब्द घालत नाही.

औंढ्याच्या अलीकडं मागचं दार वाजलं. धाड. त्यानं गाडी बाजूला घेतली, बॅटरी घेऊन उतरला. तार सुटलेली होती. तुटलेली नव्हती. पीळ उलगडून सरळ झाली होती. त्यानं परत बांधली.

औंढा ओलांडलं. हिंगोलीच्या रस्त्याला दोन-तीन वळणं गेली. परत धाड. या वेळी तार नव्हतीच. रस्त्यावर मागं चालत जाऊन पाहिलं. सापडली नाही. दार तसंच ढकलून लावलं आणि हळू निघाला. वाजत राहील तर वाजू दे म्हणाला.

खड्डा आला. दार वाजलं नाही.

दुसरा खड्डा आला... नाही वाजलं.

माणिकराव एकतीस वर्षं गाडीचे आवाज ऐकत आलेला माणूस. वाजणारं दार आपोआप गप बसत नाही, हे त्याला कळत होतं. त्यानं आरशात पाहिलं. मागं अंधार. रस्त्यावर कोणी नव्हतं.

मग समोरच्या काचेवर उजेड पडला. पिवळा. पाटीएवढा चौकोन.

गाडीतला मागचा दिवा लागला होता. त्याचं बटण पलंगाच्या उशाशी आहे. मीच बसवलेलं. हात लावल्याशिवाय ते दाबलं जात नाही.

त्यानं मान वळवली नाही. गाडी चालवत राहिला. अर्धा किलोमीटर गेला असेल. पाठीमागं वाकळ झटकल्याचा आवाज आला. दोनदा. आपल्या बायका अंथरूण घालताना झटकतात तसा.

इंजिन गचके देऊ लागलं. बंद पडलं. उतार होता. गाडी आपोआप कडेला जाऊन थांबली. खालच्या वावरात तूर काढलेली होती. कोणा शेतकऱ्यानं खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. धनगराची शेकोटी दिसत होती.

सगळं गप.

आणि त्याच्या कानामागं... ती खिडकी सरकली.

कोणी काही बोललं नाही.

माणिकराव म्हणाला, "पुंजाजी, बोलायचं काय राह्यलं व्हतं? सवाल मला पाठ व्हता."

त्यानं उत्तर दिलं नाही. दार उघडून उडी मारली. मागच्या बाजूनं वळून खाली वावराकडं जाताना बॅटरीचा उजेड मागच्या दारावर पडला. दार बंद होतं. फटीतून दोरीचं टोक बाहेर लोंबत होतं.

हिरवा, लाल, हळदी.

एक झटका दिला असता तर उघडलं असतं.

तो थांबला. हात पुढं केला, म्हणाला. एवढा... इतका जवळ. आतून काही आवाज नव्हता. मग तो पळाला. बासष्ट वर्षांचा माणूस, ढेकळांतून.

शेकोटीजवळ एक म्हातारी बसली होती, पारुबाई. तिची माणसं झोपली होती, ती राखण करत होती. तिनं त्याला पाणी दिलं, अंगावर घोंगडी टाकली. काय झालं विचारलं नाही. गाडी बंद पडली तेवढं तो बोलला.

बराच वेळ गेला. रस्त्यावर गाडीच्या पडद्यातून उजेड दिसत होता. पारुबाई तिकडं पाहत होती.

"दादा, मालकीण एकटीच हाय का आत?"

त्यानं घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली.

"दोनदा दाराच्या काचेतून पाह्यलं तिनं. वाट पाहून राहिली जणू."

पारुबाईनं शेकोटीत एक काटकी घातली.

"भांडण झालं व्हय? असू दे. थंडी लई हाय. जा की आत. बाईमाणसाला असं ठेवू न्हाई."

तो गेला नाही. रात्रभर तिथंच बसला. त्या उजेडाकडं पाहत. पारुबाई मधून मधून म्हणायची, जा की. पहाटे शुक्राची चांदणी वर आली तेव्हा दिवा विझला.

सहाला त्याचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाला. मी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर गेलो.

माणिकराव वावराच्या बांधावर बसलेला. गाडीपाशी आला नाही. मी पुढच्या बाजूनं चढलो. खिडकी उघडी होती. आत पाहिलं. वाकळ अंथरलेली. दोन उशा. एक दबलेली. दुसरी फुगीर, कोणी डोकं न ठेवलेली. त्या बाजूची वाकळ उलटून ठेवलेली, कोणी येऊन पांघरावी अशी. आत माणूस नव्हतं. मागचं दार आतून दोरीनं बांधलेलं.

मी मागं गेलो. टोक धरलं. झटका दिला. गाठ सुटली.

मी डिझेलच्या लाईनमधली एअर काढली, गाडी सुरू केली. लाईनमध्ये एअर शिरली कुठून, ते मला सापडलं नाही. सगळे नट आवळलेले होते. परत येताना माणिकराव माझ्या शेजारी बसला. औंढ्यापाशी बोलला.

"चाळीस वर्षं संसार केला तिच्यासंगं. एक रात्र मागितली तिनं. अन् मी तिला भ्यालो."

मी गाडी चालवत राहिलो. सव्वा वर्ष मी ती रात्र माझ्या गॅरेजमध्ये धरून ठेवली होती. हे त्याला माहीत होतं. तो कधी बोलला नाही, शेवटपर्यंत.

घरी येऊन गोठ्याचं कुलूप काढलं. खिळा रिकामा होता.

तातेरावला नाही म्हणून कळवलं. त्या दिवसापासून माणिकराव रोज रात्री गाडीत झोपू लागला, खळ्यात. आपल्या बाजूला. वाकळ अर्धी उलटून. दार दोरीनं बांधून, टोक बाहेर काढून. गाडी रोज पुसायचा, आठवड्याला इंजिन चालू करून ठेवायचा. ऑइल बदलायला मला बोलवायचा. मी एकदा कडी करून नेली. लेथवर, पितळेची, चांगली झाली होती. त्यानं हातात घेऊन पाहिली. "आता नको," म्हणाला.

"येती का?" मी एकदाच विचारलं.

"एकदा आली व्हती. मी गेलो न्हाई."

वीस महिने तो तसा झोपला. यंदा भाद्रपदात, गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी तो उठला नाही म्हणून मला बोलावलं. टोक बाहेरच होतं. मी झटका दिला, दार उघडलं. तो आपल्या बाजूला निजलेला. हात दुसऱ्या उशीवर ठेवलेला. उशी फुगीर होती.

ती दोरी मी सोडून घेतली. मसणात त्याच्या छातीवर ठेवली, माझ्या हातानं. कोमलनं पाहिलं. साडीचा काठ जळताना आखडतो, वास येतो. पुरती जळेपर्यंत मी तिथून हललो नाही. मग गाडीच्या पुढच्या दाराला कुलूप लावलं, चावी कोमलला दिली. मागचं दार नुसतं ढकलून ठेवलं होतं. त्या दिवसापासून मी त्या खळ्याकडं गेलेलो नाही.

इतकं सांगून मी थांबलो. शेकोटी खाली बसली होती. रुद्र विस्तवाकडे पाहत होता. अंजलीच्या मांडीवर तो कागद तसाच होता.

"अंजली," मी म्हणालो, "मागच्या दाराचा फोटू हाय का मोबाईलात?"

"हाय, आबा."

"मागच्या रविवारचा?"

"व्हय."

"मोठा कर."

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मोबाईलचा उजेड तिच्या तोंडावर पडला.

"काचेतून काय दिसतं?"

तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"दोरी हाय... बांधलेली. हिरवी. लाल." ती थांबली. "अन् हळदी."

"दुसरी असंन, आबा," रुद्र म्हणाला. "कोमलताईनं बांधली असंन."

"तिला दार उघडत न्हाई, म्हणाली ना तुला?"

रुद्र फोटो पाहायला तिच्याजवळ सरकला.

"खालची फट बघ," मी अंजलीला म्हणालो. "टोक बाहेर हाय का?"

तिनं फोटो अजून मोठा केला. इकडं सरकवला, तिकडं सरकवला. बराच वेळ पाहत राहिली. मग मोबाईल पालथा करून मांडीवर ठेवला.

"न्हाई, आबा," ती हळू म्हणाली. "आत घेतलंय."